गाडी पाहणारा मिस्त्री

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातला सेंट्रिंगवाला, वेल्डिंगवाला, फरशीवाला किंवा बोअरच्या मोटरी काढणारा-बसवणारा माणूस साधारण पस्तिशी ओलांडली की गाडी पाहू लागतो. गाडी म्हणजे पिकअप. पुढं दोघा-तिघांची केबिन, मागं उघडा डाला, खाली कमानी. पाहणं आणि घेणं या दोहोंच्या मध्ये काही महिने जातात, कधी काही वर्षं, आणि एवढा मान मिस्त्रीला आयुष्यात दुसऱ्या कोणत्या काळात मिळत नाही. गाडी घेतलेल्या माणसाकडं लोक गाडी मागतात. गाडी पाहणाऱ्याला मात्र चहा पाजतात, बाकावर सरकून जागा देतात आणि आपापलं मत ऐकवतात.

या प्रदेशात पाहण्याचा काळ लांबण्याला कारण आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. आधी तो छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. घरातली बोली मराठी, तहसीलचा कागद हिंदी, आणि मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, यंत्राचे सुटे भाग हे सगळं नागपूरला. त्यामुळे इथल्या माणसाला प्रत्येक वस्तूचे दोन भाव पाठ असतात, एक छिंदवाड्याचा आणि एक नागपूरचा. गाडीसारखी मोठी वस्तू असली की दोन्हीकडं जाऊन यावंच लागतं. एका फेरीत कोणी घेत नाही.

मिस्त्री आपल्या धंद्यात अतिशय काटेकोर असतो. सळई हातात आली की आठची की दहाची हे तो न बघता सांगतो. ओळंबा सुतभर सरकला तर भिंत पाडायला लावतो. सळईचं वजन काढायचं सूत्र, मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, त्याच्या जिभेवर असतं. बारा मिलिमीटरची बारा मीटरची एक सळई पावणेअकरा किलोंच्या आसपास भरते, हे त्याला झोपेत विचारलं तरी चालतं. मात्र हेच सामान गाडीत चढलं की त्याचं गणित बंद पडतं. डाल्यात किती वजन आहे असं विचारलं तर तो डाल्याकडं एक नजर टाकतो आणि म्हणतो, "असन दीडक टन." हा दीडक टन सामान निम्मं असलं तरी तेवढाच राहतो, दुप्पट असलं तरी तेवढाच.

खरा हिशेब अवघड नाही. सेंट्रिंगची दोन बाय तीन फुटांची लोखंडी प्लेट बारा किलोंची धरली तर शंभर प्लेटांचे बाराशे किलो होतात. वर साठ-सत्तर बल्ल्या, म्हणजे आणखी पाच-सहाशे. वर पाच माणसं, म्हणजे तीनशे. वर पाण्याची टाकी, घमेली, तारेची भेंडोळी. मागं दोरखंडानं बांधलेलं मिक्सर मशीन. ते स्वतःच्या चाकांवर चालतं म्हणून त्याचं वजन धरायचं नाही, असा संकेत आहे. बेरीज दोन टनांच्या वर जाते. विटांचंही तसंच. तीन किलोंची एक वीट धरली तर पाचशे विटांचा दीड टन होतो, आणि पाचशे विटांत घराची धड एक भिंतही होत नाही. सौंसर हे नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत फार आधीपासून आहे. मँगनीज असलेल्या अतिप्राचीन खडकांच्या एका समूहाला याच गावाचं नाव दिलेलं आहे. अशा गावच्या माणसाला दगड जड असतो हे नव्यानं सांगावं लागू नये. तरीही गाडीच्या संदर्भात सांगावं लागतं.

गाडी पाहण्याची सुरुवात एका ठरलेल्या वाक्यानं होते. भाड्याच्या गाडीवाल्याला पैसे मोजून झाले की मिस्त्री म्हणतो, "एवढ्यात तं हप्ता निघते बाप्पा." हे वाक्य ज्या दिवशी उच्चारलं गेलं त्या दिवसापासून तो या वर्गात मोडतो. वाक्यात डिझेल नसतं, टायर नसतात, विमा नसतो, ड्रायव्हरचा पगार नसतो. पावसाळ्यात स्लॅबची कामं मंदावतात ते महिने नसतात, आणि पोळा व दुसऱ्या दिवशीची गोटमार (जाम नदीकाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी दगडफेक) धरून जे दिवस मजूर कामावर फिरकत नाहीत तेही नसतात. केवळ भाडं आणि हप्ता यांची समोरासमोर गाठ घातलेली असते.

घरात बायको एकच प्रश्न विचारते: "अवो, महिन्यात किती दिवस लागते आपल्याले गाडी?" या साऱ्या प्रकरणात कोणी विचारलेला हा एवढाच कामाचा प्रश्न असतो. त्यावर मिस्त्री म्हणतो की गाडी दारात असली की काम आपोआप येते, आणि चप्पल घालून बाहेर पडतो.

बाहेर सल्लागार असतातच. पहिला, भाड्याच्या गाडीचा मालक. त्याचा सल्ला असा की गाडी घेऊ नये, फार त्रास आहे. हा त्रास तो स्वतः का सोसतो हे कोणी विचारत नाही. दुसरा मेकॅनिक. त्याच्या मते जगातल्या सगळ्या गाड्या खराब आहेत, फक्त ज्या गाडीचे भाग त्याच्याकडं पडलेले आहेत ती बरी. तिसरा नागपूरचा साळा, ज्याच्या ओळखीचा माणूस शोरूममध्ये असतो. हा ओळखीचा माणूस प्रत्येक साळ्याला असतो आणि तो प्रत्येकाला सारखीच सूट देतो. चौथा सल्लागार घरातला, मोबाइल हातात घेतलेला पोरगा. तो बापाला अमेरिकेतल्या पिकअप दाखवतो: चार दारं, गाईएवढी चाकं, आत गार हवा. फोर्डची एफ मालिका तिथं १९७७ पासून सगळ्यांत जास्त खपणारा ट्रक आहे. तिच्यातली एफ-१५० ही गाडी तिकडं 'अर्ध्या टनाची' म्हणवली जाते आणि प्रत्यक्षात टनाच्या आसपास ओझं नेऊ शकते. एवढं मात्र मिस्त्रीला लगेच पटतं. नाव अर्ध्याचं आणि काम एकाचं, म्हणजे कागदावरचा आकडा तिकडंही खोटाच असतो, असा त्याचा निष्कर्ष. त्या गाडीत बहुतेक वेळा एकटा माणूस बसून ऑफिसला जातो, हा भाग तो ऐकत नाही.

उमेदवार गाड्या पाच-सहाच असतात. सगळ्यांत लहान टाटा एस, २००५ साली आली आणि लगेच छोटा हत्ती झाली. तिची कागदावरची क्षमता पाऊण टन. मोटर-पंपवाला, नळवाला, रंगारी यांचं काम तिच्यात भागतं, गल्लीतही ती वळते. पण सेंट्रिंगवाल्याला ती घ्यायची लाज वाटते; हत्ती म्हणवून घेते आणि छोटाही. त्यानंतर अशोक लेलँडची दोस्त, २०११ ची, सव्वा टनाची. मग टाटांची इंट्रा, २०१९ ची. मग महिंद्राची बोलेरो पिकअप, १.३ टनाची आणि १.७ टनाची, या पट्ट्यात संत्र्याच्या बागेपासून रेतीच्या ढिगापर्यंत नजर जाईल तिथं ती उभी दिसते, म्हणून बाकीच्या कंपन्यांच्या पिकअपलाही लोक बोलेरोच म्हणतात. टाटांनी २०२२ मध्ये योद्धा दोन टनांची केली. या सगळ्यांच्या वर १९८६ पासून चालत आलेली चारशेसात. तिच्याबद्दल मिस्त्री आदरानं बोलतो आणि किमतीपाशी आला की विषय बदलतो.

निवडीचा मुख्य मुद्दा असायला हवा कागदावरचं वजन. आरसीवर दोन आकडे असतात: गाडीचं रिकामं वजन, आणि ओझ्यासकट जास्तीत जास्त एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरतं ते ओझं. केबिनमधली माणसंही त्या एकूणातच मोजायची, आणि नंतर बसवलेला लोखंडी जंगलाही. डाल्यावर दीडशे किलोंचा जंगला चढवला की दीडशे किलो क्षमता त्याच दिवशी संपली. हा हिशेब शोरूममध्ये कोणी सांगत नाही आणि मिस्त्रीही विचारत नाही. तो विचारतो:

"कितीक उचलते भाऊ?"

"दीड टन पासिंग आहे, दादा."

"पासिंगचं नाही म्हनत. उचलते कितीक?"

इथं सेल्समन इकडंतिकडं बघतो आणि आवाज खाली आणतो. त्यानं हळू आवाजात सांगितलेला आकडा हीच गाडीची खरी क्षमता, असं मिस्त्री मानतो. जितका आवाज हळू तितका आकडा मोठा.

दुसरा प्रश्न हॉर्सपॉवरचा. हॉर्सपॉवर या भागात सगळ्यांना कळते, कारण शेतातली मोटर तीनची की पाचची यावर भावाभावांत वाटण्या झालेल्या आहेत. पंच्याहत्तर हॉर्सपॉवर म्हटलं की पंधरा विहिरींच्या मोटरी एकदम चालू झालेल्या मिस्त्रीला दिसतात आणि तो खूश होतो. ओझं घेऊन जागचं हलायला आणि चढ चढायला उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळायचा जोर, आणि तो कमी फेऱ्यांवर मिळतो की नाही हे पाहायचं असतं. विहिरीच्या मोटरीवर टॉर्क लिहिलेला नसतो, म्हणून तो विचारला जात नाही.

रस्ता मात्र विचार करायला लावतो. छिंदवाड्याकडं जायचं तर सिल्लेवानीचा घाट आहे. बैतूलकडं जायचं तर पांढुर्ण्याहून मुलताईच्या पठारावर चढावं लागतं. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतरावं, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत, हे जुन्या ड्रायव्हरांचं म्हणणं बरोबर आहे. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारेही आहेत. त्यांचे ब्रेक ऐन वळणावर तापून ढिले पडतात. यावर विनोद करण्यात अर्थ नाही.

शिवारातला रस्ता आणखी वेगळा. काळी माती एक पाऊस पडला की चाकाला धरते. भरलेली पिकअप तिच्यात रुतते हे सगळ्यांना माहीत असतं; रिकामी पिकअपही अडकते हे घेतल्यावर कळतं. इंजिन पुढं, ओढणारी चाकं मागं, आणि मागं वजनच नाही, म्हणून चाक नुसतं गरगर फिरतं. अशा वेळी डाल्यात रेतीच्या दोन-तीन गोण्या टाकाव्या लागतात. एरवी जादा वजनासाठी बदनाम झालेला मिस्त्री मग रिकाम्या गाडीत वजन कुठून आणायचं म्हणून बांधावर दगड शोधत फिरतो.

पाइपांचा प्रश्न वेल्डिंगवाल्याला सुटता सुटत नाही. चौकोनी पाइप वीस फुटांचा येतो आणि डाला नऊ-दहा फुटांचा असतो. उरलेले दहा फूट कुठं ठेवायचे यावर दोन पंथ आहेत. एक पाइप केबिनवरून पुढं काढतो आणि रस्त्यानं जाताना समोरच्या म्हशींवर भाला रोखल्यासारखा दिसतो. दुसरा मागं काढतो आणि टोकाला लाल फडकं बांधतो. डाल्याबाहेर आलेलं लोखंड जिवावर बेततं आणि कायद्यालाही मान्य नाही. पाइप दुकानातच कापून घेणं हा तिसरा मार्ग आहे. त्यात जोड वाढतात आणि मान कमी होतो, म्हणून तो कोणी धरत नाही.

कायद्याचा अभ्यास मिस्त्री आपल्या पद्धतीनं करतो. एकूण वजन ३००० किलोंपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, हे त्याला कुठून तरी कळतं आणि काही दिवस तो लहान गाडीकडं झुकतो. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर एकूण वजन साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. ते ऐकून तो मोठ्या गाडीकडं झुकतो. थर्ड पार्टी विम्याचा दर मालगाडीच्या एकूण वजनावर ठरतो, पण पहिला गटच ७५०० किलोंपर्यंतचा असल्यामुळे छोटा हत्ती आणि भली थोरली पिकअप या दोघांना एकच रक्कम भरावी लागते. म्हणजे लहान गाडी घेतली तर नुकसानच, असं तो सगळ्यांना पटवून देतो.

त्याच्या बुद्धीचा खरा कस लागतो तो जादा वजनाच्या कलमात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनामागं दोन हजार. जादा माल तिथंच उतरवावा लागतो, तो खर्च वेगळा. कायदा करणाऱ्यांचा हेतू धाक बसावा असा होता. मिस्त्रीनं त्यातून काढलेला अर्थ असा: पहिला जादा टन बावीस हजारांचा, दुसरा नुसता दोन हजारांचा. तेव्हा भरायचंच तर पोटभर भरावं. धंद्यात वर्षानुवर्षं दर लावण्याची सवय असलेल्या माणसासमोर घाऊक दर ठेवला की तो घेणारच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. आधी कर उतरणार म्हणून थांबलेले लोक, कर उतरल्यावर आणखी उतरेल म्हणून थांबले.

पासिंगचा मुद्दा सीमेवरच्याच माणसाला पडतो. नागपूरच्या शोरूममध्ये किंमत कमी दिसते, साळ्याचा माणूस तिथं असतो, आणि एमएच-३१ किंवा एमएच-४० नंबरची गाडी गावात वेगळीच दिसते. पण गाडी जिथं राहायची तिथंच नोंदवायला हवी, म्हणजे नंबर मध्य प्रदेशचा आणि रस्ता करही तिथलाच. छिंदवाड्याचा एमपी-२८ हा नंबर या पट्ट्यात सगळ्या गाड्यांवर आहे, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही, ही मिस्त्रीची तक्रार. शेवटी नागपूरची सूट, येण्याजाण्याचा खर्च, तात्पुरता नंबर आणि साळ्याच्या घरचे मुक्काम यांची वजाबाकी होऊन किंमत छिंदवाड्याएवढीच पडते.

मग एक दिवस, कोणताही नवा मुद्दा पुढं आलेला नसताना, गाडी घेतली जाते. बहुधा १.७ टनाची, कारण शेजारच्यानं १.३ टनाची घेतलेली असते. रंग पांढरा. फायनान्सवाला वीस-पंचवीस ठिकाणी सह्या घेतो आणि माप घ्यायला ओळंबा लावणारा माणूस एकही पान न वाचता त्या करतो. गाडी आधी जामसावळीला नेतात. सौंसरजवळच्या या देवस्थानात मारुती आडवा, निजलेला आहे. पर्वत उचलणाऱ्या देवालाही विसावा लागतो, हे तिथं डोळ्यांसमोर असतं. मिस्त्री नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी कमानीवाल्याकडं नेतो.

कमानीवाल्याकडं प्रत्येक बाजूला एक-दोन पाटे वाढवले जातात. कंपनीनं पाट्यांचा आकडा धुऱ्याच्या, चेसीच्या, टायरच्या आणि ब्रेकच्या जोरात बसवून ठरवलेला असतो. पाटे वाढवले तरी बाकीचं काही वाढत नाही. गाडी मागं बसेनाशी होते एवढंच, आणि ती बसली नाही म्हणजे भरलेली नाही, असं समजून आणखी भरलं जातं. दाबलेल्या गाडीत पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं आणि रात्री दिव्यांचा झोत रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडतो. स्टिअरिंग हलकं झालं म्हणून मिस्त्री कंपनीचं कौतुक करतो. रिकामी असताना हीच गाडी प्रत्येक खड्ड्यात उडते आणि केबिनमधला मजूर छताला डोकं आपटतो. मागच्या फाळक्यावर पोराचं आणि पोरीचं नाव मराठीत, आणि नजर लावणाऱ्यांना उद्देशून दोन ओळी हिंदीत. गोटमारीच्या दिवशी ती जाम नदीपासून लांब, नातलगाच्या अंगणात उभी असते. काचेचा विमा काढलेला असतो, पण दगड पांढुर्ण्याचा होता की सावरगावचा हे दाव्याच्या अर्जात काय लिहायचं, हा प्रश्न नको.

महिन्यात किती दिवस, या प्रश्नाचं उत्तर यथावकाश मिळतं: आठ-दहा. उरलेल्या दिवसांचा हप्ता काढायला मिस्त्री भाडं शोधू लागतो. आंबिया बहाराचा संत्रा निघाला की कॅरेट भरून नागपूरला कळमन्याच्या बाजारात जातो, लग्नसराईत आंदण पोचवतो, मधल्या दिवसांत दुसऱ्या मिस्त्र्यांचं सेंट्रिंग वाहतो. या दुसऱ्या मिस्त्र्यांपैकी कोणी पैसे मोजता मोजता हप्त्याचं ते वाक्य उच्चारलं की तो त्याला समजावतो की गाडी घेऊ नको, लय त्रास हाय.

एक विरळ पोटजात नोंदवायला हवी. हा मिस्त्री गाडी घेण्याआधी भाड्याची भरलेली गाडी वजनकाट्यावर नेतो, पावती घेतो, अशा चार-पाच पावत्या खिशात ठेवतो, सगळ्यांत जड ओझ्याला पुरेल आणि थोडं शिल्लक राहील अशी गाडी निवडतो किंवा दोन फेऱ्या करायच्या ठरवून लहान घेतो. त्याची गाडी दहा वर्षं टिकते. मात्र चहाच्या टपरीवर त्याला सांगण्यासारखं काही नसतं. ना धुरा मोडल्याची गोष्ट, ना घाटात वाचल्याची. त्यामुळे लोक त्याला फारसा अनुभवी समजत नाहीत.

सामान्य मिस्त्रीची गाडी पाच-सहा वर्षांत विकायला निघते. नवी असताना दोन-दोन वर्षांनी होणारी फिटनेस आठ वर्षांनंतर दर वर्षी करावी लागते, त्याआधीच विकणं शहाणपणाचं, हे त्याला मेकॅनिकनं सांगितलेलं असतं. फायनान्सची एनओसी येते, आरसीवरचा बोजा उतरतो. गिऱ्हाईक येतं, बोनेट उघडतं, टायरवर लाथ मारतं आणि गाडीखाली वाकून पाहतं. मिस्त्री शपथेवर सांगतो की या गाडीत कधी दीड टनाच्या वर भरलं नाही. गिऱ्हाईकाला खाली कंपनीचेच पाटे दिसतात. जास्तीचे पाटे आदल्या संध्याकाळी काढून घरामागं ठेवलेले असतात. ते पुढच्या गाडीला लागतात.